नॉलेज हेड कोणाला नेमावं? आधी बघा, माणसांचा वेळ कोणाच्या हातात आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुख्य ऑफिस अंधेरी पूर्वेला, दादर, बोरिवली, ठाणे आणि वाशी अशा चार शाखा, साडेतीनशे माणसं, काम लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचं. येत्या तीन वर्षांत वीस ज्येष्ठ टेक्निशियन निवृत्त होणार आहेत. एमडींनी तुम्हाला, म्हणजे एचआर विभागाला, ‘नॉलेज हेड’, म्हणजे जुन्यांकडचं कामाचं ज्ञान नव्यांपर्यंत पोचवणारा प्रमुख, नेमायला सांगितलं आहे. आयटीवाले म्हणतात, पोर्टल आम्हीच बनवणार, तर पदही आमच्याकडे द्या. ऑपरेशन्सवाले म्हणतात, आम्हाला रोजचे कॉल उरकायला माणसं पुरत नाहीत, हे नवं लचांड कुठे घेता? तर पद कोणाकडे द्यावं, त्याला अधिकार काय असावेत आणि एमडींनी स्वतः काय करावं?

पद ऑपरेशन्सच्या छत्राखाली द्या. त्यावर सर्व्हिसमध्ये बारा-पंधरा वर्षं घालवलेला, स्वतः मशीन रूममध्ये उभा राहिलेला माणूस बसवा. आणि कोणाची ड्यूटी कोणाबरोबर लागणार, यात त्याचा शब्द चालेल अशी व्यवस्था नेमणूकपत्रातच करा. ही शेवटची गोष्ट होणार नसेल, तर नेमणूक थोडी लांबली तरी चालेल. असं ठामपणे सांगते आहे, कारण हे पद मी स्वतः त्या अधिकाराशिवाय सांभाळलं आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी सोळा वर्षं होते. २००९ साली मला ज्ञान व्यवस्थापनाची प्रमुख केलं. पहिल्या वर्षी आम्ही पोर्टल उभं केलं. प्रत्येक फाइल चढवली की गुण, दर तिमाहीला बक्षीस. वर्षभरात फाइलींचा ढीग झाला: जुनी प्रेझेंटेशन्स, पुरवठादारांचे कॅटलॉग, एकाच ड्रॉइंगच्या पाच-पाच प्रती. गुण फाइल चढवण्याला होते, म्हणून लोकांनी फाइली चढवल्या. शॉपफ्लोअरवरचा माणूस अडला की तो पोर्टल उघडत नसे, उठून टेस्ट बेडवर, म्हणजे तयार पंप चालवून तपासतात तिथे, जात असे.

टेस्ट बेडवर एक फोरमन होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पंप चालू झाला की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाउसिंगवर टेकवायचे, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. दहा-बारा सेकंदांनी म्हणायचे, “ग्रीस जास्त झालंय,” किंवा, “कपलिंगकडचं अलाइनमेंट बघा.” व्हायब्रेशन मीटर लावला की बहुतेक वेळा तेच निघायचं.

त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा मी त्यांच्या हातात चौदा रकान्यांचा फॉर्म दिला. मास्तरांनी तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी नीट घडी घालून परत आणला. ‘दोष कसा ओळखावा’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती: ‘अनुभवाने कळते.’

मास्तर हातचं राखून ठेवणारे नव्हते. त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. कानात बसलेली गोष्ट रकान्यात उतरत नाही. मग मी प्रॉडक्शन मॅनेजरकडे एक ट्रेनी मागितला, मास्तरांच्या शेजारी दिवसभर उभा राहण्यासाठी. उत्तर आलं, महिनाअखेर आहे, डिस्पॅच अडलंय. रोज मागत राहिले. शेवटचे चार दिवस ट्रेनी मिळाला. त्या मुलाने मोबाइलवर नऊ रेकॉर्डिंग केली. प्रत्येक पंपाला तो एवढंच विचारायचा, “मास्तर, आत्ता काय ऐकलंत?” आणि मास्तर सांगायचे, “हा आवाज कोरडा आहे बघ. आता हा ऐक, यात खडा फिरतोय. तुझ्या कानाने ऐक, माझं ऐकू नकोस.” ती नऊ रेकॉर्डिंग नव्या मुलांना शिकवायला पुढे कित्येक वर्षं वापरली गेली. पोर्टलवरची एकही फाइल तेवढी उपयोगी पडली नाही.

माझ्याकडे पद होतं, बजेट होतं, एमडींच्या सहीचं परिपत्रक होतं. एक ट्रेनी तीन आठवडे हलवण्याचा अधिकार नव्हता. तो अधिकार असता तर नऊच्या जागी शंभर रेकॉर्डिंग झाली असती, आणि मुख्य म्हणजे त्या मुलाचा कान तयार झाला असता. ही हळहळ अजून आहे.

आता तुमच्याकडे येऊ. लिफ्टच्या देखभालीचं ज्ञान दोन प्रकारचं. एक मॅन्युअलमध्ये असतं: कंट्रोलरचे एरर कोड, ब्रेकची सेटिंग, दोर कधी बदलायचा. ते आयटी नीट सांभाळेल. दुसरं इमारतीगणिक वेगळं असतं. जून उजाडला की हिंदमाता, परळ या भागातल्या कोणत्या सोसायटीच्या पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, आधी पाणी येतं? तिथला वॉचमन कारला, म्हणजे लिफ्टच्या केबिनला, वर पाठवून मेन स्विच बंद करायला विसरतो का? पाणी ओसरल्यावर गव्हर्नरचं (लिफ्टचा वेग मर्यादेबाहेर गेला की तिला थांबवणाऱ्या यंत्रणेचं) टेन्शन वेट आणि पिट स्विच तपासल्याशिवाय लिफ्ट चालू करू नये, हे तर पुस्तकातही असेल. पण त्या इमारतीत पाणी मागच्या ड्रेनेजच्या बाजूने झिरपतं, म्हणून पिट वरून कोरडा दिसला तरी एका कोपऱ्यात हात घालून बघावा लागतो, हे तिथे वीस पावसाळे काढलेल्या माणसालाच माहीत असतं. तुमच्या वीस जणांबरोबर जाणार आहे ते हे.

मुंबईच्या पाण्याची वाटणी अशाच माणसांच्या हातावर चालत आली आहे. सात तलावांचं पाणी शहरात येतं, पण कोणत्या गल्लीला किती वाजता किती मिळणार हे व्हॉल्व्ह फिरवण्यावर ठरतं. ते फिरवणाऱ्याला आपल्याकडे चावीवाला म्हणतात. जलवाहिनी नकाशावर असते. कोणती चावी किती फेरे फिरवली की टेकडीवरच्या चाळीपर्यंत दाब पोचतो, हे त्याच्या मनगटात असतं. नवा चावीवाला ते शिकतो जुन्याबरोबर फिरून. त्याला कोणाबरोबर फिरायला पाठवायचं हे जो ठरवतो, तो त्या ज्ञानाचा नेता, त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

मायकेल पोलानी या विचारवंताने विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच मांडलं: माणसाला शब्दांत सांगता येतं त्यापेक्षा त्याला कळलेलं जास्त असतं. जपानचे इकुजिरो नोनाका यांनी नंतर कंपन्यांच्या संदर्भात दाखवलं की असं ज्ञान एका माणसातून दुसऱ्यात जाण्याची पहिली पायरी म्हणजे सोबत काम करणं. लिहिणं त्यानंतर येतं.

तुमच्या धंद्याला सगळ्यात जवळचं उदाहरण झेरॉक्स कंपनीचं आहे. तिच्यासाठी काम करणाऱ्या ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून पाहिलं. मॅन्युअल बरोबर असूनही अवघड मशीन दुरुस्त व्हायचं ते तंत्रज्ञ जेवताना, चहा पिताना एकमेकांना सांगत त्या किश्श्यांमुळे. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. फ्रान्समधून सुरुवात झाली. तंत्रज्ञाने सापडलेली युक्ती पाठवायची, दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि मान्य झाली की पाठवणाऱ्याच्या नावासकट ती सगळ्यांना मिळायची. यातला तपासणारा माणूस फार महत्त्वाचा. बहुतेक कंपन्या तोच गाळतात.

लिफ्टमध्ये तो गाळणं जिवावर बेतेल. प्रत्येक शाखेत असा कोणीतरी असतो जो दरवाजाच्या लॉकच्या कॉन्टॅक्टला जंपर, म्हणजे त्याला वगळून जाणारी वायर, लावून अडलेली लिफ्ट दोन मिनिटांत चालू करून दाखवतो. सोसायटीचे सेक्रेटरी खूश, कॉल बंद. पण तो जंपर काढायचा राहिला तर दरवाजा उघडा असताना कार हलू शकते. तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असा व्हिडिओ ‘टिप’ म्हणून फिरायला लागला आणि त्यावर कोणी ‘हे करायचं नाही’ असं म्हटलं नाही, तर तुमची ज्ञान व्यवस्था चुकीचं ज्ञान वेगाने पसरवू लागेल. म्हणून त्या वीस ज्येष्ठांपैकी सहा-सात जणांना तपासनीस नेमा. ब्रेक आणि मशीन एकाकडे, दरवाजे दुसऱ्याकडे, कंट्रोलर तिसऱ्याकडे, असे विषय वाटून द्या. त्यांना त्यासाठी भत्ता द्या, आठवड्यातला अर्धा दिवस कॉलमधून मोकळा द्या, आणि त्यांचा नकार अंतिम माना. शाखाप्रमुखालाही तो फिरवता येऊ नये.

यातून आणखी एक गाठ सुटते. ज्येष्ठ माणसं बोलत का नाहीत, असं मला नेहमी विचारतात. त्यांच्या जागी बसून बघा. तीस वर्षं त्यांचा मान या एका गोष्टीवर टिकला आहे की अडलं की फोन त्यांना येतो. सगळं सांगून टाकलं तर फोन कोणाला येणार? नुसतं ‘शेअर करा’ म्हणून त्या भीतीला उत्तर मिळत नाही. तपासनीसाचं पद हे उत्तर आहे, कारण सांगितल्यावर त्यांचा मान वाढतो. निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस मानधनावर बोलावण्याचा करारही आधीच करा, निरोप समारंभाच्या दिवशी नव्हे.

शाखांमधल्या सुपरवायझरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. सकाळी आठ-साडेआठला कॉल वाटतो तो. अवघड कॉलला दोन जुने पाठवायचे की एक जुना आणि एक नवा, हे तो ठरवतो. दोन जुने पाठवले तर लिफ्ट पाऊण तासात चालू होते आणि कोणी काही शिकत नाही. जुना-नवा पाठवले तर दीड तास लागतो. जोवर सुपरवायझरचं मोजमाप फक्त दिवसाला किती कॉल बंद झाले यावर आहे, तोवर तो दोन जुनेच पाठवणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून त्याच्या कामाच्या मोजमापात जोडीच्या कॉलना वेगळं स्थान द्या. महिन्याला अमुक इतके तास जोडीच्या शिक्षणाचे, ते तास उत्पादनात धरलेले, त्यांची तूट शाखेच्या माथी नाही. हे आकडे एमडी आणि ऑपरेशन्स प्रमुखांनी मिळून मान्य करायचे आहेत. नॉलेज हेडचं खरं बजेट हे तास आहेत. सॉफ्टवेअरची रक्कम त्यानंतर.

ही रचना जमते याचं एक मोठं उदाहरण ‘नासा’चं. २००३ साली कोलंबिया यान कोसळलं. चौकशी मंडळाने तांत्रिक कारणाबरोबर हेही स्पष्ट म्हटलं की १९८६ च्या चॅलेंजर अपघाताचे धडे संस्थेत मुरले नव्हते. पुढे २०११ साली सुरक्षा सल्लागार समितीने शिफारस केली की संपूर्ण संस्थेसाठी एक मुख्य ज्ञान अधिकारी आणि प्रत्येक केंद्रात एकेक जबाबदार माणूस नेमावा, आणि ती अमलात आली. एक मध्यवर्ती माणूस आणि प्रत्येक ठिकाणी कामातलाच एक: तुमच्या चार शाखांना हेच माप बसतं. हे पद जगात १९९० च्या दशकापासून आहे. स्वीडनच्या स्कांदिया विमा कंपनीने १९९१ साली लीफ एडविन्सन यांना बौद्धिक भांडवलाचे संचालक केलं, तिथून त्याची चर्चा सुरू झाली.

एमडींनी काय करावं? तीन गोष्टी, आणि तिन्ही स्वतः. पहिली, सोमवारच्या बैठकीत कलेक्शनच्या आधी एक प्रश्न विचारायचा: गेल्या आठवड्यात कोणत्या लिफ्टवर तोच बिघाड पुन्हा आला, आणि पहिल्या खेपेला आपल्याला काय कळलं होतं? एमडी जे दर आठवड्याला विचारतात त्याची तयारी शाखाप्रमुख रविवारी रात्री करून येतात. दुसरी, मोठा बिघाड किंवा अपघात होता होता टळला, की दोन दिवसांत सगळ्यांना बसवायचं आणि चार प्रश्न घ्यायचे: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. अमेरिकी लष्करात ही पद्धत रुजली आहे, आणि तिथला नियम असा की त्या बैठकीत हुद्दा बाजूला ठेवायचा. तुमच्याकडे हेल्परने ‘साहेब, कॉल बंद करायची घाई तुम्हीच केलीत’ असं म्हटलं आणि पुढच्या महिन्यात त्याची बदली वाशीहून बोरिवलीला झाली, तर त्यानंतर कोणी तोंड उघडणार नाही. म्हणून पहिल्या बैठकीत पहिली चूक एमडींनी स्वतःची सांगावी. तिसरी गोष्ट बढतीची. पुढच्या वर्षी ज्याला सुपरवायझर करायचं, त्याच्या हाताखाली किती मुलं तयार झाली हे विचारूनच करायचं, आणि तसं केलं हे सगळ्यांना दिसू द्यायचं.

वरिष्ठांची ही जबाबदारी मानकांमध्येही आहे. तुमच्याकडे आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक असेल. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेला लागणारं ज्ञान निश्चित करणं, सांभाळणं आणि उपलब्ध ठेवणं यावर स्वतंत्र कलम आहे. २०१८ साली आलेलं आयएसओ ३०४०१ तर पूर्ण ज्ञान व्यवस्थापनाचंच आहे, आणि त्यात नेतृत्वाची जबाबदारी सर्वोच्च व्यवस्थापनावर टाकली आहे. एमडींना पटवताना हे कागद कामी येतील. प्रमाणपत्राच्या मागे मात्र लगेच लागू नका.

आयटीचं काम: फोनवर इमारतीचं नाव टाकलं की त्या इमारतीचं कार्ड उघडावं. मागचे बिघाड, पिटची अवस्था, वॉचमनची सवय, तपासलेल्या टिपा. मशीन रूममध्ये रेंज नसते, त्यामुळे ते ऑफलाइनही चालायला हवं. तुमचं, म्हणजे एचआरचं काम: निवृत्तीच्या तारखा दोन वर्षं आधी नॉलेज हेडच्या टेबलावर ठेवणं, भत्ता आणि करार नीट लिहिणं. दोघांचंही काम मोलाचं आहे. मालकी दोघांकडेही नको.

तुम्ही विचारलेल्या नाहीत अशा दोन गोष्टी सांगते. एक, तुमचे किती टेक्निशियन कंत्राटदाराकडचे आहेत? मुंबईत या धंद्यात ते प्रमाण मोठं असू शकतं. ती मुलं तुमच्या जुन्या माणसांकडून शिकतात आणि कंत्राट बदललं की जातात. ज्या इमारतींची माहिती फक्त कंत्राटी माणसाकडे आहे त्यांची यादी आधी काढा. त्यांच्यातल्या चांगल्यांना कायम करण्याचा खर्च ज्ञान व्यवस्थापनाच्या खर्चातच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी, भाषा. तुमचे फॉर्म इंग्रजीत असणार. माणसं मशीन रूममध्ये बोलतात मराठीत आणि हिंदीत. ‘दोर नाचतोय’, ‘ब्रेक सोडताना झटका मारतो’, ‘दरवाजा जीव काढतोय’ हे निदानाचे शब्द आहेत. इंग्रजी रकान्यात त्यांचं ‘नॉइज ऑब्झर्व्ह्ड’ होतं आणि त्यातला सगळा तपशील मरतो. व्हॉइस नोट घ्या, आहे त्या बोलीत घ्या. टाइप करून द्यायला नॉलेज हेडच्या हाताशी एक ऐकणारी, लिहिणारी व्यक्ती द्या. इंग्रजी नीट येत नाही म्हणून आयुष्यभर गप्प राहिलेली माणसं मराठीत विचारलं की तासन्‌तास बोलतात, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

मोजायचं काय? फाइली मोजू नका. त्याच लिफ्टवर तीस दिवसांत तोच कॉल पुन्हा किती वेळा आला, पहिल्याच खेपेत काम किती वेळा झालं, आणि नवा मुलगा एकट्याने कॉल घ्यायला किती महिन्यांनी तयार झाला, एवढे तीन आकडे शाखेनिहाय पुरेत. पहिले सहा महिने ते हलणार नाहीत. जोडीच्या कॉलमुळे काही आकडे बिघडतीलही. एमडींना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्याच महिन्यात सगळं गुंडाळलं जातं.

माणूस निवडताना एक कसोटी घ्या. उमेदवाराला एका ज्येष्ठ टेक्निशियनबरोबर दिवसभर कॉलवर पाठवा आणि संध्याकाळी दोन पानं लिहून मागा. स्वतःला काय येतं हे ज्याने लिहिलं तो नको. सोबतच्या माणसाने कुठे थांबून काय पाहिलं, काय हाताने चाचपलं, कोणता प्रश्न वॉचमनला विचारला, हे ज्याच्या पानांत आहे तो घ्या. पगार सुपरवायझरपेक्षा वरचा ठेवा, कारण त्याला सुपरवायझरशी बरोबरीने बोलायचं आहे.

पण ही निवड व्हायला दोन-तीन महिने जातील आणि तोवर पावसाळा तोंडावर येईल. तेवढी वाट पाहू नका. त्या वीस जणांच्या निवृत्तीच्या तारखा काढा. पहिलं नाव ज्याचं आहे, त्याच्या शाखेच्या सुपरवायझरला आजच फोन करा, आणि उद्याच्या ड्यूटी चार्टवर त्याच्याबरोबर कोणता नवा मुलगा जातोय ते विचारा.